वाँटेज ते केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर उरुळी, यवत, खुटबाव करत केडगावला थांबते. सोलापूर रस्त्याने आलात तर चौफुल्याला वळायचं. चौफुला म्हटलं की पुणे जिल्ह्यातल्या माणसाला आधी लावणीची कलाकेंद्रं आठवतात, मग न्हावऱ्यावरून शिरूरला जाणारा रस्ता, आणि त्यानंतर कधीतरी केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. हा क्रम असा का लागला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आज या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी हा भीमथडी तालुक्याचा कोरडा मुलूख होता. सह्याद्रीने पाऊस अडवायचा आणि सावकाराने उरलंसुरलं पीक. १२ मे १८७५ रोजी याच तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. दंग्याचं लोण पलीकडे शिरूर तालुक्यातही गेलं आणि इतिहासात ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलं गेलं. या मुलखाला दोनच गोष्टींचा आधार होता. एक भीमा, आणि दुसरी १८५८ साली दौंडवरून पुढे गेलेली आगगाडी. केडगावची पुढची सगळी हकीकत त्या आगगाडीमुळे शक्य झाली. नाहीतर उपाशी मुलींचे तांडे शेकडो मैलांवरून इथे येतेच कसे?

रमाबाईंचं चरित्र मराठी वाचकाला साधारण ठाऊक असतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, दुष्काळात आईवडील गेले, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, बिपिन बिहारी मेधावींशी लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरात मनोरमा. पुढे ख्रिस्ती झाल्या आणि पुण्याने त्यांना दूर केलं. हे चरित्र नेहमी एकट्या बाईचं म्हणून सांगितलं जातं. मला त्यांच्या आजूबाजूच्या बायांबद्दल अधिक कुतूहल आहे. केडगावला एका वेळी दीड हजारांवर माणसं राहत होती. एवढ्या माणसांचं दळण, धुणं, शिकवणं, दुखणंखुपणं कुणी निभावलं? आणि बायांनीच चालवलेल्या अशा वसाहतीची कल्पना रमाबाईंना सुचली कुठून?

त्यासाठी इंग्लंडातल्या वाँटेज नावाच्या लहानशा गावी जावं लागतं.

वाँटेजचे धर्मगुरू विल्यम बटलर यांनी १८४८ साली तिथे सेंट मेरी द व्हर्जिन या नावाचा भगिनीसंघ सुरू केला होता. हा संघ रोमन कॅथलिक नव्हता, इंग्लंडच्या चर्चचाच होता. पण त्या चर्चमधल्या ज्या पंथाला जुनी कॅथलिक रीत परत हवी होती, त्या पंथाचा. त्यामुळे जोगिणीचा वेष, ब्रह्मचर्याचं व्रत, ठरल्या वेळी प्रार्थना आणि वर ‘मदर सुपीरियर’, जिचा शब्द शेवटचा, असा सगळा थाट कॅथलिक मठाचा होता. या संघाच्या सिस्टर १८७७ साली पुण्यात आल्या. पंचहौद मिशनच्या परिसरात त्यांचं काम होतं. पुढे १८९० साली रानडे-टिळकांनी चहा घेतल्यावरून पुण्यात जी रणधुमाळी माजली, ती याच मिशनमधली.

१८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढून, ‘स्त्री धर्म नीति’ लिहून, हंटर कमिशनपुढे स्त्रीडॉक्टर आणि स्त्रीशिक्षिकांची मागणी करून रमाबाई पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. जायचा खर्च पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. उतरल्या त्या वाँटेजच्या मठात. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. आपल्याला बळाने बाटवतील या धास्तीने आनंदीबाईंचं मन ढळलं आणि तिथेच त्यांनी जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या दोन घटना इतक्या जवळ का, याचं सरळ उत्तर कुठल्याच चरित्रात मिळत नाही. रमाबाईंच्या भक्तांना आनंदीबाईंचं नाव अडचणीचं वाटतं आणि विरोधकांना ते फार सोयीचं वाटतं.

मठात रमाबाईंनी एक गोष्ट पाहिली आणि ती जन्मभर विसरल्या नाहीत. हवापालट म्हणून मदर सुपीरियरनी त्यांना लंडनमधल्या फुलमच्या शाखेत पाठवलं होतं. तिथे या सिस्टर ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायांना घरात घेत, त्यांची सेवा करत, त्यांना पायावर उभं करत. त्यांतल्या काही बाया तर बदलून आता स्वतःच इतरांची शुश्रूषा करत होत्या. आपल्याकडचे धर्मग्रंथ मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना अशा बायांसाठी त्यांत शिक्षेपलीकडे काही आठवेना. आपल्या धर्मांतराची कारणं पुढे त्यांनी लिहिली, त्यांत तत्त्वज्ञानापेक्षा या फुलमच्या घराला मोठी जागा आहे.

सेवा पटली. आज्ञापालन मात्र पटलं नाही. त्यांची देखरेख सिस्टर जेराल्डाइन यांच्याकडे होती, आणि या दोघींमधला पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. सासू-सुनेच्या भांडणातही इतकी बारीक धार क्वचितच सापडेल. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत, पुडिंगमधलं अंडंही चालत नाही. लॅटिन अक्षरांचा क्रूस गळ्यात घालायला त्या तयार नाहीत. भारतीय बाईला लॅटिन परकंच, मग संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथे तरुण पुरुषांनाही शिकवावं असं निघालं तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. मायदेशी या बाईची पत जाईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी कळवलं की आपल्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि आता इंग्रज घेत आहेत याचं नवल वाटतं. जेराल्डाइनना या सगळ्यात गर्व दिसला. रमाबाईंचं म्हणणं असं की एका धर्माच्या भटांच्या जोखडातून मान सोडवून दुसऱ्याच्या जोखडात घालायला मी आलेले नाही.

गंमत अशी की छोट्या मनोरमेसाठी हीच सिस्टर ‘आजीबाई’ होती. पुढे शिक्षणासाठी मनोरमाबाई वाँटेजलाच गेल्या. एवढा खटका उडूनही रमाबाईंनी पोटची पोर त्याच बायांच्या हाती सोपवली, आणि जेराल्डाइननी रमाबाईंची सगळी पत्रं जपून ठेवली. आज आपण दोघींचं भांडण वाचू शकतो ते त्यामुळेच.

मधली दहा वर्षं झरझर सांगून टाकतो. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे इंग्रजीतून पुस्तक लिहिलं, बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था निघाली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सदनात ब्राह्मण विधवांना सोवळंओवळं पाळायची मुभा होती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ साली रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाल्या. कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम शारदा सदनाच्या वादातून धडा घेऊन उभा राहिला, आणि १९०८ साली आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्यांचा निष्काम कर्ममठही त्यांनी काढला. म्हणजे व्रतस्थ सेवासंघाचा प्रश्न केडगाव आणि हिंगणे दोन्हीकडे एकाच पिढीत पडला होता. उत्तरं मात्र निराळी निघाली.

बोस्टनची दहा वर्षं संपत आली तर सदन चालणार कशावर? फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, या हिशेबाने केडगावची जमीन घेतलेली होती. विहिरी खणल्या, झाडं लावली. त्यावेळी तिथे कुणाला वसवायचा विचारही नव्हता.

१८९६ चा पाऊस गेला. मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या वाचून रमाबाई तिकडे गेल्या. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यांनी स्वतः पाला आणि रानफळं खाऊन दिवस काढले होते, आईवडिलांना भुकेने जाताना पाहिलं होतं. सरकारी अन्नछत्रांत आणि रस्त्यांवर त्यांना मुली दिसल्या, आणि त्या मुलींवर टपलेले दलालही दिसले. मिळतील तेवढ्या मुली घेऊन त्या आगगाडीने परतल्या. सुमारे तीनशे मुली कायमच्या सांभाळायच्या ठरल्या. पण १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग होता, रँडची कमिटी होती. एवढा जमाव शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग उरलं काय, तर केडगावचं शेत. तंबू आणि गवती छपरं टाकून मुली तिथे उतरवल्या गेल्या. प्लेगच्या इस्पितळातल्या कारभारावर रमाबाईंनी त्याच मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि सरकारने ते साफ नाकारलं. आपल्या ख्रिस्तीपणामुळे त्या इंग्रजांच्या बाजूच्या असतील असं धरून चालणाऱ्यांनी ते पत्र जरूर लक्षात ठेवावं.

उपासमारीतून आलेली मुलगी सांभाळणं हे अन्न पुढे ठेवण्याइतकं सोपं काम नसतं. वाळलेल्या आतड्यांना एकदम पोटभर जेवण सोसत नाही, थोडं थोडं, पातळ करून द्यावं लागतं. केसांत उवा, डोक्यात फोड, अंगावर खरूज. केस उतरवायचे, न्हाऊ घालायचं, चिंध्या फेकून धडके कपडे द्यायचे. मुली भाकरी लपवून ठेवत, एकमेकींच्या पानातलं ओढत, कारण उद्या मिळेल यावर विश्वासच नव्हता. बोली वेगळी. मध्य प्रांतातली मुलगी हिंदी बोलते, तिला केडगावची मराठी कळत नाही. हे सगळं करायला पगारी माणसं आणायची तर पैसा नाही आणि येणारही कोण? हे काम शारदा सदनातल्या जुन्या मुलींच्या अंगावर पडलं. कालपर्यंत सोवळ्यात वाढलेल्या या ब्राह्मण विधवा आता कुठल्याही जातीच्या, अंगाला घाण येणाऱ्या पोरींची डोकी धूत होत्या. सगळ्याच जणी आनंदाने पुढे आल्या असतील असं मी मानत नाही. पण काम झालं, ते त्यांच्या हातून झालं.

केडगावचा पुढचा सगळा कारभार इथून सुरू झाला. मोठीने धाकटीला सांभाळायचं. आधी आलेलीने नंतर आलेलीला. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. त्याच वर्षी रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा मागे सुंदराबाई पवार आणि मिनी एब्रम्स यांनी घर सांभाळलं. सुंदराबाई मराठी, तर एब्रम्सबाई अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चच्या सेविका. १९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला. यावेळी रमाबाईंना स्वतः फिरावं लागलं नाही. आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या आणि सदनात वाढलेल्या बायांच्या तुकड्या गुजरातेत गेल्या आणि मुली घेऊन आल्या. तीन वर्षांत वाचवलेल्या वाचवणाऱ्या झाल्या होत्या. फुलमच्या घरात जे पाहिलं, ते भीमथडीत आलं, आणि तिथल्यापेक्षा कितीतरी मोठ्या मापाने.

वसाहतीत घरं वाढत गेली. मोहात वा फसवणुकीत सापडलेल्या बायांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंध मुलींसाठी बर्तीमी सदन. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या होत्या. त्यांनी अंध मुलींना वाचायला शिकवलं आणि त्या मुली वेत विणू लागल्या. बाकी शेती, गाईगुरं, हातमाग, घाणा, कल्हई, धुलाई, बेकरी ही सगळी कामं बायाच करत. कल्हईवालीचा भाता ओढणारी मुलगी दुपारी बालवर्गाची शिक्षिका होण्याचे पाठ घेत असे. पंगत एक होती आणि जेवण शाकाहारी होतं. वाँटेजला अंड्यावरून जे भांडण झालं होतं, त्याचा निकाल रमाबाईंनी आपल्या स्वयंपाकघरात असा लावला.

वाँटेजची सेवा त्यांनी घेतली आणि मठाची रचना सोडली. व्रत नाही, जोगिणीचा वेष नाही, पांढरं लुगडं पुरे. मुलगी शिकून शिक्षिका होई, परिचारिका होई, पुष्कळ जणींची लग्नं लागत आणि त्या संसाराला जात. कुठल्याही एका चर्चशी संस्थेने स्वतःला बांधून घेतलं नाही. पण मदर सुपीरियर नव्हती असं म्हणवेल का? बिशपांपुढे मान न तुकवणाऱ्या रमाबाई केडगावात सगळ्यांच्या आई होत्या आणि आईचा शब्द मोडायची तिथे सोय नव्हती. आणि धर्माचं काय? भुकेने अर्धमेल्या दहा वर्षांच्या पोरीला ताटाबरोबर जो देव मिळतो, तो तिने निवडलेला असतो का? जेराल्डाइनकडे आपल्या सदसद्विवेकाचा हक्क इतक्या ठणकावून मागणाऱ्या बाईला हा प्रश्न पडला नसेल असं वाटत नाही. त्यांचं उत्तर त्यांच्या श्रद्धेत होतं. ज्याला ती श्रद्धा नाही, त्याला ते पुरेसं वाटणार नाही. मलाही वाटत नाही. फक्त त्या मुलींना नेण्यासाठी तेव्हा रस्त्यावर दुसरं कोण उभं होतं, ही आठवण ठेवून हा प्रश्न विचारावा.

१९०५ साली केडगावात आणखीच वेगळं काही घडलं. जानेवारीत रमाबाईंनी जादा प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज दोन वेळा साडेपाचशे जणी जमू लागल्या. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्यासारखं झालं आणि दुसरी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत एब्रम्सबाईंनी सांगितली आहे. त्यानंतर कित्येक दिवस रडणं, मोठ्याने प्रार्थना, पापांची कबुली असं चालू राहिलं. परक्या पाद्र्यांना हा गोंधळ रुचला नाही. रमाबाईंनी मात्र बजावलं की भारतीय बायांनी भारतीय रीतीने देवाला आळवलं तर त्यात मोडता घालायचा नाही. मग मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. १९०६ साली एब्रम्सबाईंनी यावर पुस्तिका काढली आणि एक प्रत चिलीतल्या व्हालपारायसोला आपल्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना, पाठवली. ती वाचून तिथे प्रार्थना सुरू झाल्या आणि १९०९ मध्ये चिलीत पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. आज त्या देशातली लाखो माणसं त्या परंपरेत आहेत. दौंड तालुक्यातल्या दुष्काळी पोरींच्या रडण्याचा आवाज दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचला, हे दौंडमध्ये फारसं कुणाला ठाऊक नाही.

रमाबाईंचं स्वतःचं शेवटचं मोठं काम छापखान्यातलं. प्रचलित मराठी बायबल कमी शिकलेल्या बाईला जड जातं असं त्यांना वाटे, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतर करू लागल्या. छापखाना मुक्तीचाच होता. खिळे जुळवणाऱ्या, प्रुफं तपासणाऱ्या, छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या सगळ्या बायाच. देवनागरीच्या जुळणीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं यांची शेकडो घरं असतात. अक्षरओळखही नसताना आलेल्या मुली तिथे उभ्या राहून उलटे खिळे डोळ्यांनी वाचत आणि बोटांनी उचलत. हिब्रू-ग्रीक शब्दांच्या पुस्तकांची जुळणीही त्यांनीच केली. त्या काळात छापखान्यात बाई जुळारी दिसणं विरळाच.

मनोरमाबाई आईनंतर मुक्ती सांभाळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी गुलबर्ग्याला शाळाही काढली होती. पण २४ जुलै १९२१ रोजी त्या आईच्या आधी गेल्या, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाईंनी त्यानंतरचे महिने भाषांतराची शेवटची प्रुफं तपासण्यात घालवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. छपाई मात्र पुरी व्हायची होती. कारभार लिसा हेस्टी या सहकारी बाईंनी हाती घेतला, आणि दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, जुळारी मुलींनी संपूर्ण बायबल छापून बांधून पुरं केलं.

मुक्ती अजून चालू आहे. शाळा, दवाखाना, अनाथ मुलं, टाकलेल्या बाया, म्हाताऱ्या, सगळं आहे. १८९७ साली तंबू ठोकले तेव्हा केडगाव म्हणजे भीमथडीतलं एक आडबाजूचं स्टेशन होतं.